चौसष्ट अक्षरांचा तांब्या

रमाकांत लांजेकरांना, म्हणजे अण्णांना, ऐकू येईनासं झालं, याचं तांबट आळीत कोणालाच नवल नव्हतं. चाळीस वर्षं तांब्याच्या पत्र्यावर हातोडी मारलेल्या माणसाला साठीला चांगलं ऐकू येत असेल, तर लोक उलट विचारतात, बाबा रे, कामाला जात होतास की नाही? नवल वाटलं होतं ते त्यांना परत ऐकू यायला लागलं तेव्हा, आणि त्याला आता आठ वर्षं होऊन गेली होती.

त्यांच्या डाव्या कानाच्या आत, शंखासारखी गुंडाळी असते तिथे, केसाएवढी तार बसवलेली होती. तिच्यावर बावीस ठिपके. कानामागे खारकेएवढं यंत्र. बाहेरचा आवाज हे यंत्र पकडतं, त्याच्या जाड-बारीक पट्ट्या पाडतं आणि कुठल्या ठिपक्याला किती झटका द्यायचा ते ठरवतं. कानाची नस त्या झटक्यांनाच आवाज समजते. ठरवण्याचं काम असतं यंत्रातल्या प्रोग्रामचं. म्हणजे कान अण्णांचा, पण ऐकायचं काय आणि किती, ते प्रोग्रामच्या मर्जीवर. अण्णांना हे व्यवस्थापन मान्य नव्हतं, पण आठ वर्षांत कुरकुर करण्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं.

एका मंगळवारी कंपनीचं पत्र आलं. कंपनी परदेशातली, तिनं हा धंदाच सोडला होता. जुन्या यंत्रांचे परवाने यापुढे मिळणार नाहीत, असं अगदी गोड भाषेत लिहिलेलं. यंत्र दर महिन्याला कंपनीला विचारायचं, मी चालू का? तिकडून हो आलं की चालायचं. येत्या तीस तारखेला हो येणार नव्हतं.

"म्हणजे तीस तारखेनंतर?" अण्णांच्या बायकोनं, शैलाताईंनी विचारलं.

"म्हणजे पुन्हा मी ठार बहिरा," अण्णा म्हणाले. "तुझी सोय झाली. काय वाटेल ते बोल."

शैलाताई हसल्या नाहीत. डॉक्टरांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेचं स्पष्ट सांगितलं होतं. नस थकलेली आहे, जुनी तार काढून नवी घातली तर ऐकू येईलच असं नाही, आहे तेही जाऊ शकतं. हातात एकवीस दिवस होते.

त्यांची मुलगी शाल्मली शेजारच्याच इमारतीत राहायची. एका तपासणी प्रयोगशाळेचे संगणक सांभाळणं हे तिचं काम. पत्र वाचल्यापासून ती गप्प होती, आणि का गप्प होती ते अण्णांना ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी तीन कंपन्यांमधून ही कंपनी तिनंच निवडली होती. मोठं नाव, सरकारी मोहोर, जगभर दवाखाने. तेव्हा ती म्हणाली होती, नाव बघून घेतलंय अण्णा, काळजी करू नका.

चौथ्या दिवशी ती संध्याकाळी आली आणि घरच्या संगणकासमोर बसली. "एक प्रोग्राम मिळालाय. याच यंत्रासाठी कुणीतरी लिहिलेला. परवाना विचारत नाही, कंपनीकडे जात नाही. आपला आपण चालतो."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"तेच माहीत नाही."

तिनं तो उघडायला घेतला तसा पडदा लाल झाला. *या प्रोग्रामचा कर्ता पडताळलेला नाही. घरच्या संगणकावर उघडू नये.*

त्या काळी ही लाल पाटी म्हणजे चेष्टा नव्हती. पाच वर्षांपूर्वी एका फुकटच्या पंचांगानं अर्ध्या शहरातल्या घरांची विजेची कुलपं एकाच दुपारी उघडून दिली होती, तेव्हापासून कर्त्याची नोंद आणि मोहोर नसेल तर कुठलाच संगणक प्रोग्रामला आत घेत नसे. घ्यायचाच तर आपल्या जबाबदारीवर, चार ठिकाणी हो म्हणून. शहाणी माणसं त्या वाटेला जात नसत. शाल्मली तर प्रयोगशाळेत लोकांना तसं करू नका म्हणून सांगण्याचाच पगार घ्यायची.

"ह्यानं नाव का नाही लावलं?" शैलाताई म्हणाल्या. "चांगलं काम असेल तर माणूस नाव लपवेल कशाला?"

"नाव लावलं तर कंपनीचे वकील दारात उभे राहतील म्हणून असेल. किंवा खरंच लबाड असेल. मला काय माहीत, आई?"

अण्णा खुर्चीत मागे रेलले. "शैला, आपल्या घरातल्या एका तरी भांड्यावर माझं नाव आहे का?"

नव्हतं. भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याचं. अमक्याच्या लग्नात तमक्याकडून, आणि खाली तारीख. घडवणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नाही. अण्णांच्या हातचे तांबे, घंगाळी, बंब कुठल्या कुठल्या गावी गेले होते, पण एकावरही लांजेकर असं लिहिलेलं नव्हतं. म्हणून गिऱ्हाईक काय करतं? भांडं उचलतं, उजेडात धरून फिरवतं, बोटानं वाजवून बघतं, पाणी भरून ठेवतं. मग घेतं.

"तसं वाजवून बघ," अण्णा म्हणाले. "नाव राहू दे."

शाल्मलीनं मान डोलावली. मनातून तिलाही तेच करायचं होतं, पण कोणीतरी म्हणायला हवं होतं.

पहिलं काम तिनं केलं ते ठशाचं. प्रोग्रामच्या आतल्या सगळ्या मजकुराचं गणित करून चौसष्ट आकडे-अक्षरांचा एक ठसा काढता येतो. आत कोणी एक टिंब जरी हलवलं तरी ठसा पार बदलतो. मूळ कर्त्याच्या पानावर जो ठसा दिला होता तो, आणि असंच यंत्र लावणाऱ्या तीन अनोळखी माणसांकडच्या प्रतींचा ठसा, असे चारही तिनं अण्णांकडून मोठ्यानं वाचून घेतले आणि आपल्याकडच्याशी ताडून पाहिले. चारही जुळले.

"म्हणजे चांगला आहे?"

"म्हणजे वाटेत कोणी हात मारलेला नाही, एवढंच. चांगला की वाईट ते ओसरीवर कळेल."

ओसरी म्हणजे डब्याएवढं एक वेगळं यंत्र, शाल्मलीनं प्रयोगशाळेतून रीतसर मागून आणलेलं. जुन्या घरांत परक्या माणसाला एकदम माजघरात नेत नसत. ओसरीवर बसवायचे, गूळपाणी द्यायचे, बोलता बोलता माणूस जोखायचे. हे यंत्र तेच करायचं, म्हणून लोकांनी त्याला ते नाव दिलं होतं. त्याच्या आत एक अख्खं खोटं घर असे. खोटे फोटो, खोटं बँकेचं पुस्तक, खोटी पत्रं, बाहेर जायचं खोटं दार. परका प्रोग्राम आत सोडला की त्याला वाटे, आपण खऱ्याच घरात आलो. मग तो कुठे डोकावतो, कशाला हात लावतो, दारातून कुणाला हाका मारतो, सगळं टिपलं जाई. आणि खरी गंमत घड्याळाची होती. ओसरीतलं घड्याळ पळवता येई. सहा तासांत दहा वर्षं. तीन वर्षांनी आपले दात दाखवायचे असं ठरवून आलेला पाहुणा असेल, तर त्याचे दात जेवायच्या वेळेपर्यंत दिसत.

कानाचा प्रोग्राम, म्हणून त्याला आवाज हवेत. पंखा, कुकर, दारावरची घंटी, माणसांची बोलणी हे सगळं ओसरी स्वतःच तयार करायची, दर वेळी थोडं वेगळं. त्यात शाल्मलीनं अण्णांच्या घराखालच्या कामाच्या जागेतला तासाभराचा ठोकाठोकीचा आवाज भरला, रोज एक तास वाजेल असा. रविवारी सकाळी साडेनऊला ओसरी सुरू झाली.

पहिलं वर्ष स्वच्छ. दुसरं स्वच्छ. बँकेच्या पुस्तकाकडे ढुंकून नाही, फोटोंना हात नाही, दाराकडे पाठ. शैलाताईंनी कांदेपोहे केले. शाल्मली पडद्यासमोरच खात होती आणि खाता खाता थांबली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

तिसऱ्या वर्षात, एका दिवशी, प्रोग्रामनं आवाज हळूहळू उतरवत नेला आणि शेवटी बंद केला. मग तो बंदच. ओसरीतली उरलेली सात वर्षं त्या खोट्या घरातला खोटा अण्णा बहिरा राहिला.

तिनं पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच, त्याच दिवशी.

"नाही," ती म्हणाली. "संपलं. हे मी तुमच्या डोक्यात घालणार नाही."

"अगं, तीन वर्षं तर तीन वर्षं. तीस तारखेपेक्षा बरंच की."

"आणि बंद करताना त्यानं मोठा झटका दिला तर? आहे ती नस गेली तर? एकदा मी नाव बघून निवडलं आणि काय झालं ते बघताय. आता बिननावाचं निवडू? माझ्या हातानं?" ती उठून स्वयंपाकघरात गेली.

अण्णा एकटेच पडद्यासमोर बसले. तीस तारखेला नऊ दिवस होते. त्यांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पहिल्या बहिरेपणाची बारा वर्षं त्यांना आठवत होती. बायको बोलताना तोंडाकडे बघत बसायचं, लग्नकार्यात कोपरा धरायचा, लोक हसले की आपणही हसायचं. ते सगळं पुन्हा नको होतं त्यांना.

पडद्यावर आवाजाचं चित्र होतं, डोंगरासारखे वर-खाली होणारे ठोके. वाचता येण्यासारखं तेवढंच होतं म्हणून ते बघत राहिले. दिवस पहिला, दिवस दुसरा, दिवस तिसरा. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पुसला आणि हाक मारली.

"शाल्मली, हे कोण ठोकतंय?"

"तुम्हीच की. तुमच्याच इथे भरून घेतलाय आवाज."

"मी? हा रोज नऊ ठोके मारून थांबतो, नाक पुसल्यासारखा, मग सतरा मारतो. रोज. हा माणूस आहे की घड्याळ?"

"एक तासच भरला होता ना अण्णा, तोच रोज लावलाय. काय फरक पडतो? ठोका तो ठोका."

हे मात्र त्यांना झोंबलं. "फरक काय पडतो? अगं, तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं. सकाळचा ठोका आणि तासाभरानंतरचा ठोका एक नसतो. कडक झालं की भट्टीत लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा मऊ, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या जन्मात मी एकसारखे दोन ठोके मारले नसतील, आणि तू त्या बिचाऱ्याला तीन वर्षं तोच तास ऐकवलास. मी असतो तर तिसऱ्या दिवशी कान बंद केले असते."

शाल्मली तशीच उभी राहिली. मग झटकन बसली आणि प्रोग्रामबरोबर आलेली टिपणं उघडली. चाळीस पानं होती. दार, परवानग्या, फाईली यांचं सगळं तिनं अक्षर न अक्षर वाचलं होतं, आवाजाचा भाग वरवर चाळला होता. सव्विसाव्या पानावर होतं ते. एखादा आवाजाचा तुकडा, कणाचाही फरक न होता, हजार वेळा आला, तर माइक बिघडून जुनंच घोळवतो आहे असं समजावं आणि कानाला इजा होऊ नये म्हणून आवाज हळूहळू उतरवावा.

रोज एक तास. हजार दिवस म्हणजे तिसरं वर्ष.

"तो बंद पडत नव्हता," ती हळूच म्हणाली. "तो तुमचा कान राखत होता. चूक माझ्या खोट्या घराची होती."

त्याच पानावर खाली आणखी एक ओळ होती. ती शाल्मलीनं वाचली, पण अण्णांना सांगितली नाही.

पुढचे पाच दिवस आळीत ठोकाठोकी झाली ती विचारू नका. एकट्या अण्णांचे ठोके पुरे पडेनात, तेव्हा समोरचे जनार्दनकाका पोटफोडे आपला अर्धवट बंब घेऊन आले. त्यांच्यामागून आणखी तिघं आले. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की रमाकांतच्या कानासाठी ठोकायचंय, आणि तेवढं पुरेसं होतं. कोणी सकाळी ठोकलं, कोणी जेवून आल्यावर, कोणी मऊ पत्र्यावर, कोणी कडक. शाल्मलीनं सगळं भरून घेतलं आणि ओसरीला सांगितलं, यातलं काहीही पुन्हा जसंच्या तसं वाजवू नकोस.

सव्वीस तारखेला ओसरी पुन्हा सुरू झाली. तिसरं वर्ष आलं तेव्हा शैलाताईही पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तिसरं गेलं. चौथं गेलं. दहावं संपलं तेव्हा साडेतीन वाजले होते आणि प्रोग्राम अजून शांतपणे ऐकत बसला होता, कुठे डोकावला नव्हता, कुणाला हाक मारली नव्हती.

तरी शाल्मलीनं घाई केली नाही. जुन्या प्रोग्रामची प्रत बाजूला काढून ठेवली, म्हणजे बिघडलंच तर तीस तारखेपर्यंत मागे फिरता येईल. घरातले फोटो, कागद सगळे दुसरीकडे हलवले. संगणकाची बाहेरची तार काढून टाकली. आवाज जास्तीत जास्त किती चढू द्यायचा, त्याची डॉक्टरांनी लिहून दिलेली मर्यादा घातली. मग लाल पाटी आली. ती सगळी वाचून तिनं फक्त एवढीच परवानगी दिली, कानामागच्या यंत्राला हात लाव, घरातल्या दुसऱ्या कशालाही नाही.

"अण्णा, मधे मिनिटभर काहीच ऐकू येणार नाही. घाबरू नका."

"तू घाबरलीयस. मी बसलोय इथे."

"दाबू?"

"दाब."

आवाज गेला. अण्णांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग बायकोच्या. पूर्वीची बारा वर्षं त्या मिनिटात येऊन बसली. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, हे त्यांना नंतर शैलाताईंनी सांगितलं.

मग कुठूनतरी, आधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं आणि मग मोकळं होत होत, त्यांना ऐकू आलं, "अहो, येतंय का काही? अहो?"

"येतंय," ते म्हणाले. "आणि तू एवढ्या वरच्या पट्टीत बोलतेस हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं."

शैलाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायला गेल्या. शाल्मलीनं बापाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "खाली जाऊन एक ठोका मारून बघा."

"कशाला? ठोका मला ऐकू येत नाही हे तुला माहितेय." जुन्या प्रोग्रामला दणका म्हणजे गोंगाट वाटायचा. हातोडी पडली की तो तेवढा आवाज कापून टाकायचा, कानात कापसाचा बोळा बसल्यासारखा. आठ वर्षं अण्णांना माणसं ऐकू येत होती, तांबं नाही. मठारकाम, म्हणजे भांड्यावर एकाला एक लागून ठोक्यांची नक्षी उठवायचं बारीक काम, त्यांनी बहिरेपण आलं तेव्हाच सोडून दिलं होतं, आणि यंत्र आल्यावरही ते परत धरता आलं नव्हतं. तांबं कधी आखडलं ते कानाला कळलं नाही की पत्रा तडकतो.

"बघा तर," ती म्हणाली.

खाली ऐरणीवर अर्धा झालेला तांब्या होता. अण्णांनी हातोडी उचलली, सवयीनं मारली आणि तिथेच थांबले. पुन्हा मारली. ठण्ण करून आवाज सरळ आत आला, शेवटच्या बारीक थरथरीसकट. त्यांनी तांब्या फिरवत ठोके मारत नेले. बारा, पंधरा, वीस. एकविसाव्याला आवाज जरासा आवळला. हाताला अजून काही लागलं नव्हतं, डोळ्यांना काही दिसलं नव्हतं.

"कडक झालं," ते म्हणाले. "भट्टीत घालायला हवं." आणि मग ते खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. वीस वर्षांनी तांब्यानं त्यांना काहीतरी सांगितलं होतं.

"सव्विसाव्या पानावर लिहिलं होतं," शाल्मली म्हणाली. "ठोक्याचा आवाज कापलेला नाही, ज्याला नको त्यानं कापून घ्यावा. आधी सांगितलं नाही. नसतं झालं तर तुम्हाला जास्त लागलं असतं."

"कोण असेल हा?"

"माहीत नाही अण्णा."

"त्याचे आभार कुणाला सांगायचे?"

तेही माहीत नव्हतं. नाव नाही, पत्ता नाही, निरोप ठेवायला जागा नाही. तीस तारीख आली आणि गेली, कंपनीनं नाही म्हटलं आणि कोणाला काही फरक पडला नाही. पण अण्णांना चैन पडेना. एवढं मोठं कोणी दिलं आणि आपण घेऊन गप्प बसलो, हे त्यांच्यानं होईना.

आठवड्यानं त्यांनी शाल्मलीकडून तो चौसष्ट अक्षरांचा ठसा कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला. तो अर्धा तांब्या पुरा केला, त्यावर वीस वर्षांनी पहिलं मठारकाम केलं, ठोक्याला ठोका लावून. मग गळ्याभोवती, देणाऱ्याचं नाव घालतात त्या जागी, टिंबाटिंबानं तो ठसा घातला. सगळी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, अर्थ शून्य. तीन दिवस लागले. शाल्मली एकेक अक्षर वाचून दाखवायची आणि ते ठोकायचे, कारण एक जरी चुकलं तर ते भलत्याच कुणाचं नाव झालं असतं.

तिनं तांब्याचा फोटो काढून, तसलीच यंत्रं लावणारी माणसं जिथे एकमेकांशी बोलत, तिथे टाकला. खाली लिहिलं, हा ठसा माझ्या वडिलांच्या कानात आहे, त्यांना ऐकू येतं. आणि ओसरीत काय काय झालं, चूक कशी झाली, तेही सगळं लिहिलं. मग अकोल्याच्या एका शिक्षिकेनं आपल्याकडची प्रत तांब्याशी ताडून पाहिली. बेळगावच्या एका आजोबांनी पाहिली. कितीतरी जणांनी पाहिली. मोहोर नसलेल्या प्रोग्रामला तांब्याची साक्ष मिळाली.

चार महिन्यांनी कर्त्याच्या पानावर प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. शाल्मली संध्याकाळी धावतच कामाच्या जागी आली.

"अण्णा, तुमचा तांब्या जुना झाला. प्रोग्राम बदलला, आता ठसा सगळा नवा."

"चांगलं आहे," अण्णा कुरकुरले. "तीन दिवस घालवले होते."

"आणि ऐका. यावेळी टिपणांत शेवटी दोन ओळी आहेत. *ठोक्याचे आवाज आणखी थोडे मोकळे केले. तांब्या पाहिला. त्यात पाणी किती मावतं?*"

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. कारागिरानं कारागिराला जे विचारायचं तेच त्यानं विचारलं होतं.

"दीड लिटर," ते म्हणाले. "कळव त्याला."

"कुठे कळवू? पत्ता कुठाय?"

अण्णांनी कोपऱ्यातला नवा पत्रा ओढला. "मग नव्या तांब्यावर घालू. वर त्याचा नवा ठसा, खाली दीड लिटर. बघेल तो." आणि कानामागच्या यंत्राकडे बोट करून म्हणाले, "चल, घाल नवा प्रोग्राम."

"अंहं. आधी ओसरीवर बसू दे त्याला. सहा तास."

"अगं, आता तर ओळखीचा झाला."

"ओळखीचा झाला म्हणून काय झालं? तुम्ही भांडं वाजवून न बघता कुणाला देता का?"

शाल्मली वर जाऊन ओसरी सुरू करून आली आणि आतल्या खोट्या घरात नव्या पाहुण्याचं पहिलं वर्ष सुरू झालं. खाली अण्णांनी पत्रा ऐरणीवर घेतला, पहिला ठोका मारला, आणि ऐकत बसले.